दुसरी फेरी

जयमाला बनसोडे परत आली आहे.
तीच निळी बॅग, टॅब मात्र नवा.
लिफ्ट बंद, मजला सातवा;
दारातच दम खाल्ला, पाणी मागितलं,
म्हणाली, कोपरखैरणेहून थेट तळोज्याला?
शोधावं लागलं तुम्हाला.

मग स्क्रीनवर बोट फिरवत:
मागच्या वेळी, प्रश्न अठ्ठावीस,
येत्या तीन वर्षांत मूल हवं आहे का?
तुम्ही 'नक्की हो' म्हणाला होतात.
पाचपैकी पाच.

आठवतंय.
सिडकोच्या सोडतीत नाव लागलं होतं त्याच आठवड्यात.
त्या दिवशी कुणी विचारलं असतं, हत्ती पाळणार का,
तरी मी पाचच म्हणाले असते.

मग काय झालं?
हे ती नाही, टॅब विचारतो.
खाली आठ कारणं, चौकटीसकट.
निवडायचं एकच.

एकेकटं आलंच नाही हो काही, जयमालाताई.
ताबा लांबला, आणि भाडं नि हप्ता
वर्षभर एकाच ताटात जेवले.
निनादचं न्हावा-शेव्याचं कंत्राट
दर अकरा महिन्यांनी मरतं, पुन्हा जन्मतं;
मधल्या महिन्यात आम्ही काहीच ठरवत नाही,
मिक्सरसुद्धा नाही.
सासूबाई माणगावहून म्हणायच्या,
तुम्ही फक्त जन्माला घाला, पुढचं मी बघते.
मग न्हाणीत पाय घसरला. खुबा.
आता त्या इथेच असतात, आतल्या खोलीत,
जिथे पाळणा मावेल का म्हणून आम्ही टेप लावून बघितली होती.
डायपर मी आणते. मोठा आकार, दहाचं पाकीट.

तळमजल्यावर पाळणाघर आहे.
चांगलं आहे, भिंतीवर जिराफ वगैरे.
सहाला बंद होतं.
महापेहून मी सातला पोचते.
सहा ते सात मूल कुणाचं?
हा प्रश्न तुमच्या यादीत हवा होता.

आणि रात्री कारखान्यांचा वास सुटला
की मी उठून खिडक्या लावते,
मनात म्हणते, बेतानं घे श्वास.
कुणाला म्हणते, ते विचारू नका.

(गेल्या माघात नऊ आठवड्यांचं काहीतरी होतं.
ते मी सांगितलं नाही, त्याला चौकट नव्हती.
निनादनं त्या रात्री भांडी घासली,
सगळी,
घासलेलीसुद्धा.)

आणि तुमचं? मी विचारलं.
हे नियमात बसत नसावं.
ती हसली. ट्रेनिंगला आम्ही सरावासाठी
एकमेकींचेच फॉर्म भरले होते, म्हणाली.
मी ठणकावून सांगितलं होतं, नाही.
ते 'नाही' आता दोन वर्षांचं झालंय,
कळंबोलीभर पळतं,
पायात चप्पल ठरू देत नाही.

मग आम्ही दोघी जरा वेळ
खिडकीतून पेंधरची मेट्रो बघत बसलो.
किती वर्षं नुसते खांबच होते.
लोक त्यांवर क्लासच्या जाहिराती चिकटवायचे,
आणि बिल्डर बोट दाखवायचा, ही काय आलीच.
आली. अर्धी रिकामी धावते,
पण आली.

तर, जयमाला म्हणाली,
येत्या तीन वर्षांत?

मी सदतीस वर्षांची आहे.
आतून पेल्यावर चमचा वाजला,
म्हणजे सासूबाईंना कूस बदलायची आहे.
मी उठले. लिहा, म्हटलं, हो लिहा,
पण पेन्सिलीनं.

पेन्सिल नसते ताई ह्यात, ती म्हणाली,
आणि बोट तसंच वर धरून थांबली,
मी आत जाऊन येईपर्यंत.